पालवणकर बाळू आणि कप्तानपदाचा प्रश्न



या व्यासपीठावरून आजपर्यंत आपण विद्वान ऐकले, कवी ऐकले, शास्त्री ऐकले. आज आपल्यापुढे उभे आहोत ते आम्ही, पोती वाहून मोठे झालेलो. आमची शाळा सातवीत सुटली. पुढची विद्या मोंढ्यात मिळाली, आणि उरलेली सार्वजनिक वाचनालयात, ग्रंथपाल दार लावण्याची घाई करीपर्यंत. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर पदरात घ्यावे, ही प्रारंभीच विनंती.

चालकांनी पत्रात लिहिले होते की, कामगार चळवळीवर काही बोलावे. आम्ही उत्तर धाडले की, आम्ही एका क्रिकेटपटूवर बोलू. चालकांना वाटले असावे की, आमचा विषय चुकला. पण विषय चुकलेला नाही. ज्या माणसाची हकीकत आम्ही सांगणार आहोत, तो प्रथम मजूर होता. महिना तीन रुपयांवर मैदानात रूळ फिरवणारा मजूर. पुढे तो हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला, विलायतेस जाऊन आला, हजारो लोकांनी त्याच्या नावाने टाळ्या पिटल्या. आणि एवढे होऊनही ज्या संघास तो जिंकून देत होता, त्या संघाचे कप्तानपद त्याला कधीच रीतसर मिळाले नाही. ते का मिळाले नाही, आणि त्याच्या भावांनी त्यासाठी काय केले, हाच आजचा विषय. त्या माणसाचे नाव पालवणकर बाळू.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराण्याचे मूळ गाव कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण, त्यावरून आडनाव. जात चर्मकार. वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे मुले पुण्यास वाढली. लष्करी वस्तीत गोऱ्या सोजिरांचे क्रिकेट चाले. त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. त्यांच्या पाठचे विठ्ठल आणि गणपत हेही पुढे नामांकित खेळाडू झाले. एका गरीब घरातून चार खेळाडू निघाले. ज्यांच्या घरी बॅट विकत घ्यायला पैसा नव्हता, त्या घरातून निघाले.

त्या काळी आपले अंबड निजामाच्या राज्यात होते, औरंगाबाद जिल्ह्यात. इकडे कोणास क्रिकेट ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण इंग्रजी अमदानीतल्या पुण्या-मुंबईत हा खेळ भराभर पसरत होता. आधी पारशी शिकले, मग हिंदू, मग मुसलमान. प्रत्येक जमातीचा जिमखाना निराळा, संघ निराळा. मैदानही वाटले गेले होते, हे ध्यानात ठेवावे.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशी मंडळींच्या एका क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ ओढण्याचे. पगार तीन रुपये. १८९२ साली ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले. पगार चार रुपये. तिथे रूळ ओढणे, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारणे, सरावाच्या जाळ्या उभ्या करणे, हे काम. आणि त्यात आणखी एक भर पडली. साहेब लोकांना बॅट फिरवण्याचा सराव हवा असे. चेंडू कोणी टाकावयाचे? नोकराने.

इथे आपण क्षणभर थांबू. क्रिकेटमध्ये दोन कामे असतात. एक फलंदाजीचे, एक गोलंदाजीचे. फलंदाज एका जागी उभा असतो, त्याच्या फटक्याला टाळी मिळते. गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकतो, परत जातो, पुन्हा धावत येतो. असे उन्हात दिवस दिवस. आमच्यासारख्याला पाहताक्षणी समजते की, यातला हमाल कोण. त्या काळच्या साहेबालाही ते समजले होते. म्हणून पूना क्लबात बाळूंनी वर्षानुवर्षे चेंडू टाकले, पण फलंदाजीसाठी त्यांच्या हाती एकदाही बॅट देण्यात आली नाही. बॅट धरणे हे साहेबाचे, चेंडू टाकणे हे चाकराचे.

क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे एक इंग्रज फलंदाज होते. हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्यांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. अशी गोष्ट सांगतात की, बाळूंनी त्यांना बाद केले की प्रत्येक वेळी ते आठ आणे देत. गोष्ट खरी असेल तर हिशेब सोपा आहे: आठ वेळा साहेबास बाद केले की महिन्याचा पगार सुटला. कारखान्यात ज्याला उक्ते काम म्हणतात, ते हेच. पण या उक्त्या कामातून एक गोष्ट घडली. रोज शेकडो चेंडू टाकून टाकून तो डावरा हात असा तयार झाला की, चेंडू कधी आत वळेल, कधी बाहेर जाईल, कधी आखूड पडेल, याचा फलंदाजाला थांग लागेना. साहेबांना वाटत होते की, चाकर आपल्याला सराव देतो आहे. चाकराचाही सराव चालला होता.

ही कीर्ती शहरात पसरली. पुण्याच्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांचा पराभव करावयाचा होता, आणि गोऱ्यांना रोज बाद करणारा माणूस तर त्यांच्याच क्लबात नोकर होता. आता प्रश्न पडला: या चर्मकाराला आपल्या संघात घ्यावे काय? वाद झाला. काही म्हणाले, घ्यावे. काही म्हणाले, शिवाशिव होईल. शेवटी निर्णय झाला तो मोठा चमत्कारिक. मैदानावर बाळू सर्वांबरोबर खेळतील. तोच चेंडू सर्वांच्या हाती जाईल. पण चहाच्या वेळी बाकीचे आत बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा घेतील, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून. जेवणाचे पान निराळे. हात धुवावयाचे तर पाणी आणून देणारा माणूसही निराळा.

श्रोतेहो, याचा अर्थ नीट लावला पाहिजे. चामड्याचा चेंडू सर्वांना चालत होता. त्या चेंडूवर लागलेला बाळूंच्या हाताचा घामही चालत होता. त्या घामाने मिळालेला विजय तर चांगलाच गोड लागत होता. चालत नव्हता फक्त माणूस. आम्ही ज्या क्षेत्रात काम करतो तिथे हे रोज पाहतो. हमालाने पाठीवर आणलेला गहू घरात जातो, हमाल ओट्याखाली उभा राहतो.

तथापि, पुण्यात सर्व एका माळेचे मणी नव्हते. सातारच्या गोऱ्यांच्या संघास हरवून आल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत बाळूंचा सत्कार केला. लोकमान्य टिळकांनीही एका सभेत त्यांना गौरविले. आपण ज्या व्याख्यानमालेत बसलो आहोत, तिची प्रथा पुण्यास रानड्यांनीच पाडली, हे आपणांस ठाऊक आहेच. म्हणून हे नाव या जागी घेताना आम्हांला विशेष वाटते. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर बसून खा-प्या, एवढी साधी गोष्ट सांगण्यास त्या वेळी रानड्यांएवढा माणूस लागला.

१८९६ साली प्लेग आला. बाळू मुंबईस गेले. तिथे बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी लागली, आणि ते रेल्वेच्या संघातून व हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. इथेही आधी खळखळ झालीच. पण मुंबई हे गिरण्यांचे आणि आगगाड्यांचे शहर. गर्दीच्या डब्यात कोण कोणाला शिवले याचा हिशेब कोण ठेवणार? हळूहळू जिमखान्यात खाण्यापिण्याची अट सैल झाली. शिवरामही संघात आले.

मग १९०६ चा फेब्रुवारी उजाडला. मुंबईच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. हिंदूंचा दुसरा डाव १६० चा. गोऱ्यांना जिंकावयास २१२ हव्या होत्या. त्यांचा डाव १०२ वर आटोपला. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंच्या चेंडूंनी गोऱ्यांची फळी मोडली. वंगभंगाला तेव्हा पुरते सहा महिनेही झाले नव्हते, स्वदेशीचे वारे वाहत होते. लोकांना या विजयाचा किती आनंद झाला असेल याची कल्पना करावी. त्या काळच्या सुधारकांनी याहून मोठी गोष्ट हेरली: हा विजय मिळाला तो अस्पृश्य मानलेल्या दोघा भावांना पंक्तीत घेतल्यावर.

पाच वर्षांनी, १९११ साली, हिंदुस्थानचा पहिला संघ विलायतेस निघाला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे एकोणीस. त्या वर्षी लंडनमध्ये पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण समारंभ होता. महाराजांना मेजवान्या आणि दरबार चुकवता येईनात. ते थोडेच सामने खेळले आणि आपल्या चिटणिसासही, जो चांगला फलंदाज होता, बरोबर घेऊन गेले. संघाचे ओझे इतरांच्या खांद्यावर आले. त्यातल्या एका खांद्याला आधीच दुखापत होती. तो खांदा बाळूंचा होता. वयही पस्तिशीचे झाले होते.

संघ एकंदर २३ सामने खेळला आणि बहुतेक हरला. पण बाळूंनी त्या उन्हाळ्यात ११४ गडी बाद केले. त्यातले ७५ पहिल्या दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी आठ जणांना परत धाडले. लीस्टरशायरचा पराभव झाला, त्या सामन्यात बाळूंचे ११ बळी. सॉमरसेटला एका गड्याने हरवले, त्यात शिवरामांच्या नाबाद ११३ धावा. पहिल्या दर्जाच्या कौंटी संघांवर हिंदी संघाने त्या दौऱ्यात जे विजय मिळवले ते हेच, आणि दोन्हींत पालवणकरांचा हात होता. रूळ ओढणाऱ्याने इंग्रजांना त्यांच्याच खेळपट्टीवर हे दाखवले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. त्या काळच्या दलित तरुणांना बाळू हे नाव म्हणजे आपणही काही करू शकतो याचा उघड्या मैदानातला पुरावा होते. त्या तरुणांत एक भीमराव आंबेडकरही होते.

येथे कोणी म्हणेल, हा सारा आपल्या जातिभेदाचा रोग. इंग्रजांकडे असे काही नव्हते. तर तसे नाही. विलायतेतही त्या काळी खेळाडूंच्या दोन जाती होत्या. जे हौसेने खेळत ते 'जंटलमन', जे पैसे घेऊन खेळत ते नुसते 'प्लेअर', म्हणजे खेळगडी. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या; मैदानात उतरण्याची दारेही पुष्कळ ठिकाणी निराळी. छापील यादीत जंटलमनच्या नावाची आद्याक्षरे आडनावाआधी, गड्याची आडनावानंतर. आणि कप्तान नेहमी जंटलमन. गोलंदाजीचे कष्ट मात्र बहुतेक गड्यांकडे. विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाचे कप्तानपद पहिल्यांदा एका पगारी खेळाडूस मिळाले ते १९५२ साली, लेन हटन यांना. आणि तो पहिला सामना होता हिंदुस्थानशी. जंटलमन आणि प्लेअर हा भेद इंग्लंडने रद्द केला तो १९६२ साली.

अमेरिकेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ. तो वाढला कॉलेजांत, आणि कॉलेजवाले म्हणत की, पैसा घेणे हे हलकेपणाचे. १८९२ च्या नोव्हेंबरात येल विद्यापीठाचा नावाजलेला खेळाडू हेफेलफिंगर याला एका क्लबाने एका सामन्यासाठी ५०० डॉलर दिले, तेही गुपचूप. क्लबाच्या हिशेबाच्या कागदावरून ही गोष्ट पुढे पुष्कळ वर्षांनी उघडकीस आली. आमच्या बाळूंना पूना क्लबात चार रुपये महिना ठरला तो याच साली. श्रीमंत पैसा घेई तर तो लपवावा लागे. गरीब घेई तर त्याच्या कपाळावर चाकर असा शिक्का बसे.

त्याच खेळात फ्रिट्झ पोलार्ड नावाचा काळ्या वर्णाचा खेळाडू पुढे आला. जन्म १८९४. ब्राऊन विद्यापीठात शिकला, कॉलेजच्या खेळात देशभर नाव काढले, आणि मग ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या गावी पगारी खेळाडू झाला. १९२० साली नवा व्यावसायिक संघ-मंडळ स्थापन झाला, त्या पहिल्या वर्षीचे अजिंक्यपद ॲक्रनने मिळवले, आणि पोलार्ड त्या संघाचा कणा होता. पण पोलार्ड स्वतः सांगत की, आरंभी गड्यांच्या खोलीत त्यांना जागा नव्हती. एका चिरूटवाल्याच्या कारखान्यात कपडे बदलून मैदानात यावे लागे. पुण्याच्या हिंदू संघाचे मातीचे भांडे आणि ॲक्रनचे चिरुटांचे दुकान, यांत अंतर किती? १९२१ साली पोलार्ड आपल्या संघाचे एक मार्गदर्शक झाले, हे मात्र ॲक्रनला भूषणावह. पण पुढे १९३४ पासून १९४५ पर्यंत त्या संघ-मंडळात एकही काळा खेळाडू घेतला गेला नाही, आणि मुख्य मार्गदर्शकाच्या जागी दुसरा काळा माणूस बसण्यास १९८९ साल उजाडावे लागले. म्हणजे रोग एका देशाचा नाही. कष्ट करून घेण्यास माणूस चालतो. हुकूम देण्यास तो चालत नाही, हा तो रोग.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९१२ पासून मुंबईत हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांचे चौरंगी सामने सुरू झाले. हिंदू संघात बाळू सर्वांत जुने आणि सर्वांत कसलेले. कप्तान मात्र दरवेळी दुसरा. १९१३ साली कप्तान झालेले एम. डी. पै हे मोठ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी उघडपणे सांगितले की, ज्येष्ठतेने हा मान बाळूंचा होता. पै यांच्या या शब्दांस आम्ही फार मानतो. खुर्चीवर बसून, ही खुर्ची माझी नव्हे असे सांगणारा माणूस आम्ही आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिला आहे. पण नुसत्या कबुलीने खुर्ची हलत नाही.

१९२० साली मात्र गोष्ट गळ्याशी आली. पै आजारी पडले. विठ्ठल तेव्हा हिंदू संघातले पहिल्या रांगेचे फलंदाज. नियमाने कप्तानपद त्यांच्याकडे यावे. निवड-मंडळाने नाव जाहीर केले ते प्रोफेसर देवधरांचे, आणि बाळूंना संघातूनच वगळले. देवधर थोर खेळाडू होते, यात शंका नाही. त्यांच्या नावाची करंडक-स्पर्धा पुढे सुरू झाली. आमची तक्रार देवधरांशी नाही. पण त्यांचा जन्म १८९२ चा. बाळू पूना क्लबात रूळ ओढू लागले, त्याच वर्षीचा. अनुभव कोणाच्या पदरी अधिक होता, हे सांगण्यास पंच नको.

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी काय केले? त्यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि आपले कारण वर्तमानपत्रांतून जाहीर केले. आम्ही खेळणार नाही, म्हणाले. आमच्या जातीमुळे आम्हांला डावलले जात आहे.

बंधूंनो, याला आमच्या भाषेत संप म्हणतात. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत संपाचे वारे होते, आणि १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्याजवळ देण्यासारखे फक्त आपले कसब आहे, त्याच्या हाती हत्यारही तेवढे एकच असते: ते कसब रोखून धरणे. पालवणकर बंधूंनी ते योग्य वेळी उचलले. आणि त्याचा परिणाम झाला. पुढच्या सामन्यासाठी पै परत आले, बाळूंना उपकप्तान नेमण्यात आले, दोघे भाऊ संघात परतले. सामना चालू असता पै मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघ बाळूंच्या हुकुमाने खेळला. वय तेव्हा चव्वेचाळीस. रीतसर कप्तानपद नव्हेच ते. पण जे कोणी त्या दिवशी मैदानाभोवती बसले होते, त्यांनी पाहिले की, आकाश कोसळले नाही.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. गांधीजींची अस्पृश्यतेविरुद्धची चळवळ तोवर जोर धरू लागली होती, तिचाही यात वाटा होता. तरी आम्ही म्हणू की, थोरल्या भावाने आयुष्यभर पायरी घडवली, आणि धाकट्याने तिच्यावर पाऊल ठेवले.

बाळूंच्या उत्तरायुष्याविषयी न बोलता खाली बसणे सोपे होते. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळूंना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू हरले. ज्याच्याकडे पाहून आंबेडकरांची पिढी वाढली, त्यालाच त्यांच्यासमोर उभे करण्यात आले. आमचे मत विचाराल तर, आम्ही त्या मतदारसंघात असतो तर मजूर पक्षालाच मत दिले असते. पण म्हणून बाळूंचे मैदानावरचे कर्तृत्व पुसून टाकावे, हे आम्हांला मान्य नाही. त्यांचा मार्ग विनवणीचा आणि समेटाचा होता, डॉक्टरसाहेबांचा हक्काचा. दोघांच्याही पायांत एकाच वाटेचे काटे होते. १९५५ च्या जुलैत मुंबईत बाळू निवर्तले. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येक बळीस सरासरी पंधरा धावा, अशी नोंद मागे राहिली.

आता शेवटी घरचे एक सांगतो आणि रजा घेतो. ही हकीकत आम्ही पुस्तकात प्रथम वाचली, त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण आम्हांला आमचेच एक कृत्य आठवले.

आमच्या संघटनेत एक वडीलधारे हमाल होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. हमालीच्या दरासाठी एकदा काम बंद ठेवावे लागले, तेव्हा सतरा दिवस माणसे एकत्र राहिली ती मामांच्या शब्दावर. कोणाच्या चुलीत जाळ नाही हे त्यांना ठाऊक असे, आणि संध्याकाळी तिथे पायलीभर ज्वारी पोहोचलेली असे. दर वाढला. पुढे अध्यक्ष निवडण्याची सभा भरली. तेव्हा आम्हीच उठून उभे राहिलो आणि एका शिकलेल्या, शहरातल्या गृहस्थांचे नाव सुचवले. आम्ही म्हणालो, मामांना कलेक्टरसाहेबांपुढे बोलता यावयाचे नाही, कागद वाचता यावयाचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सभेची सतरंजी मामांनीच घातली होती. ठराव झाल्यावर ते एवढेच म्हणाले, "बरं झालं. साहेबांसाठी खुर्ची आणतो." आणि आणलीही.

आमच्या मनात जातीचा विचार नव्हता, असे आम्ही शपथेवर सांगू शकतो. पण पुण्याच्या त्या क्लबवाल्यांपैकीही अनेकांनी तशीच शपथ घेतली असती. ते म्हणाले असते, आम्ही फक्त रीत पाळली. आम्हीही रीतच पाळली. पोती उचलणाऱ्याने संप चालवावा आणि बोलणाऱ्याने अध्यक्ष व्हावे, ही ती रीत. मामांजवळ काय उणे होते? वाचता येणारा एक पोरगा त्यांच्या शेजारी बसवला असता, तर कागदाचा प्रश्न तिथेच सुटला असता.

मामा आता नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची सोय राहिली नाही. येत्या वार्षिक सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत की, यापुढे आमच्या संघटनेचा अध्यक्ष ज्याने स्वतः पाठीवर ओझे वाहिले आहे असाच असावा, आणि लिहिण्यावाचण्याची मदत चिटणिसाने करावी. ठराव मंजूर होईलच, असे सांगता येत नाही. विरोध आमच्याच माणसांचा आहे. हमालच म्हणतात की, आपल्यातला अध्यक्ष झाला तर आपले कोण ऐकणार? पिढ्यान्पिढ्या बाहेर बसून चहा प्यालेल्या माणसाला आतली जागा परकी वाटते, याचे नवल नाही. त्याच माणसांपुढे आम्ही बाळूंची ही हकीकत सांगणार आहोत. आज ती आधी आपणांस सांगितली.

आपणही उद्या घरी, शाळेत, सोसायटीत, देवस्थानच्या पंचमंडळात एवढे पाहावे: सतरंजी कोण घालतो, आणि खुर्चीवर कोण बसतो. दोघे नेहमीच निराळे दिसले, तर कोणी तरी मातीच्या भांड्यातून चहा पीत आहे असे समजावे.